पुडीवरचं अक्षर

भाद्रपद संपत आला की आमच्या कॉलनीत संध्याकाळी धूर सोडणारी गाडी फिरते. मुलं तिच्यामागं पळतात, शेजारच्या वहिनी खिडक्या लावून घेतात आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलपुढं कपाळाला रुमाल बांधलेल्या माणसांची रांग लागते. तापाचे दिवस आले, असं सगळे म्हणतात आणि कामाला लागतात. मी मात्र त्या धुराचा वास नाकात गेला की जागच्या जागी उभी राहते. हातातली भाजीची पिशवी जड होते. वीस वर्षं होत आली, तरी हे चुकत नाही.

त्या वर्षी रमजान याच दिवसांत आला होता. आमचा रमजान एका ऋतूत टिकत नाही, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो. पुढं तो पावसाळ्यात गेला, उन्हाळ्यात गेला, हिवाळा गाठला. पण माझ्या मनात तो तापाच्या दिवसांतच अडकून पडला आहे. रोजा म्हटलं की मला खजूर आठवत नाही. एसटीच्या तापलेल्या खिडकीची दांडी आठवते, काढणीला आलेल्या बाजरीची धूळ आठवते, आणि घशाला पडलेली कोरड, जी उपासाची होती की भीतीची, हे मला अजून सांगता येणार नाही.

मी तेव्हा पुण्यात एम. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय होता औषध नियमन. हा शब्द आमच्या शिरूरमध्ये कोणाला समजावता समजावता मी थकून जायची. "म्हंजी तू औषध बनवनार का?" गल्लीतल्या आबांनी विचारलं होतं. नाही, म्हटलं. "मग इकनार?" तेही नाही. औषध बाजारात यायच्या आधी ते तपासायचं कसं, आल्यावर त्याच्यावर नजर ठेवायची कशी, ते शिकते. आबांनी मान हलवली. "म्हंजी औषधाची पोलिसगिरी." आणि जाता जाता स्वतःशीच म्हणाले, "पोरगी भित्री हाय, आन् पोलीस होनार म्हनती."

भित्री मी होतेच. वर्गात इंग्रजीत प्रश्न आला की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. त्यात मॅडमनी प्रबंधाचा विषय दिला तो असा: गावाकडच्या दवाखान्यांतून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद का होत नाही. शिरूर आणि दौंड, दोन तालुके माझ्या वाट्याला आले. एका पानाचा फॉर्म होता. रुग्णाच्या नावाची फक्त आद्याक्षरं, औषध कोणतं, त्रास काय झाला, आधी असा त्रास झाल्याचं माहीत होतं का, आणि खाली कळवणाऱ्याचं नाव आणि सही. असे फॉर्म पिशवीत घालून मी दवाखाने पालथे घालायची. डॉक्टर चांगले बोलायचे, चहा विचारायचे, रोजा आहे म्हटल्यावर "बरं बरं" म्हणायचे, पण फॉर्म पाहिला की चेहरा मिटायचा. "आमच्याकडं असलं काही होत नाही." एकानं तर फॉर्म दोन बोटांत धरून परत दिला, जसा ओला फडका धरतात तसा. ती सगळी शहाणी, मेहनती माणसं होती. भ्यायलेली होती, एवढंच. त्यांची भीती पाहून माझी वाढायची. महिना संपत आला तरी माझ्या पिशवीतले फॉर्म कोरेच होते आणि मॅडम फोनवर म्हणायच्या, "रेश्मा, एक तरी धड केस आण."

ती केस मला दौंडला मिळाली.

पुलावरून भीमेचं गढूळ पाणी मागं पडलं, स्टेशनाकडून इंजिनाची लांबलचक शिट्टी आली आणि मी एका खाजगी दवाखान्याच्या जिन्यावर चढले. तिथले डॉक्टर तरुण होते. फॉर्म पाहून त्यांनी तो परत दिला नाही. म्हणाले, "या, दाखवतो."

कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई होती. पन्नाशीची असावी. अंगावर पातळ पांढरी चादर अधांतरी धरल्यासारखी होती, खालून वेताच्या कमानी लावून, कारण कातडीला कापडही सहन होत नव्हतं. छाती, मान, दंड, सगळीकडं कातडी भाजल्यासारखी सुटून आली होती. ओठांवर काळी खपली. डोळे सुजून बंद. पोळलेल्या माणसाला निदान आग दिसलेली असते. ह्या बाईनं फक्त तापावरच्या गोळ्या घेतल्या होत्या.

हिराबाई त्यांचं नाव. गाव कासुर्डी. लेकीच्या बाळंतपणासाठी शिरूरजवळ तिच्या सासरी आल्या होत्या, तिथं तापल्या. जावयानं शिरूरच्या दवाखान्यात नेलं, पुडी मिळाली, ताप उतरला, म्हणून बाई गावी परतल्या. तिथं आधी तोंड आलं, मग डोळे लाल झाले, मग कातडी. यवतच्या डॉक्टरांनी दौंडला पाठवलं.

हे ऐकताना मला काय झालं ते आज लिहिते, आजवर कोणाला सांगितलं नाही. मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. एक तरी धड केस, असं मनात आलं आणि मी पेनाचं टोपण काढलं.

"गोळी कोणती, तेच कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "एका वेळेला दोन पांढऱ्या, एक पिवळी. सुट्ट्या. पुडीवर नाव नाही. मला संशय सल्फाचा आहे, जंतूंवरच्या त्या गोळ्या काहींना सोसत नाहीत, पण खात्री हवी. पुढं कोणी हिला तीच गोळी परत दिली, तर ही वाचायची नाही."

खाटेशी त्यांची सून बसली होती, संगीता. तिनं पदराची गाठ सोडली. "हीच पुडी. मी टाकली न्हाई. दोन पांढऱ्या उरल्यात." तिनं कागद माझ्या तळहातावर ठेवला.

कागदावर निळ्या शाईत बेंझिनची षटकोनी कडी काढलेली होती. शेजारी एक समीकरण, त्यातला बाण जरा जास्तच लांब. खाली लिहिलं होतं, 'सर म्हणाले, परीक्षेला येणार.'

अक्षर माझं होतं. बारावीच्या रसायनशास्त्राच्या वहीतलं.

माझे अब्बा शिरूरच्या त्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तीस वर्षं. घरातल्या जुन्या वह्या ते दवाखान्यात नेत, आडव्या-उभ्या फाडून चौकोन करत आणि त्यात गोळ्या बांधत. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा, की माझा अभ्यास लोकांच्या घरोघर जातो. अब्बांच्या पुडीची घडी अशी, की रस्त्यात पडली तरी सुटायची नाही. तालुक्यात ते मुनीरभाई म्हणून ओळखले जात, आणि डॉक्टरांपेक्षा त्यांच्या खिडकीपुढं जास्त बोलणं होई.

"ताई, काय झालं?" संगीतानं विचारलं. "तुम्हाला म्हाईत हाय का ही गोळी?"

"नाही," मी म्हणाले. "विचारून सांगते." कागद आणि गोळ्यांतली एक मागून घेतली आणि जिना उतरले. पायऱ्या किती होत्या मोजल्या नाहीत, पण एकेक पायरी पायाला लांब वाटत होती.

परतीच्या गाडीत मी कागद मांडीवर धरून बसले होते. बाहेर बाजरीची कणसं खुडून झालेली शेतं, मधेच उसाचा हिरवा पट्टा, मधेच पेरणीसाठी नांगरून ठेवलेली काळी रानं. मला फक्त चार वाक्यं सुचत होती आणि ती आळीपाळीनं येत होती. अब्बांच्या हातून चूक झाली. अब्बांच्या हातून चूक होत नाही. मी ही पुडी पाहिलीच नाही. मी हेच शिकायला गेले होते. औषधाचं शास्त्र शिकताना पहिल्याच आठवड्यात आम्हाला सांगितलं होतं, की दुष्परिणामाचा फॉर्म शिक्षेसाठी नसतो, शिकण्यासाठी असतो. वर्गात ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. बसमध्ये ते मला कोणाच्या तरी दुसऱ्याच भाषेतलं वाटलं.

संध्याकाळी अजान झाली, आम्ही रोजा सोडला. अम्मी भजी तळायला आत गेली. मी कागद अब्बांच्या पुढं सतरंजीवर ठेवला. घरात आम्ही हिंदी-मराठीची खिचडी बोलायचो, इथं सरळ मराठीत लिहिते.

"हे तुझं अक्षर," ते हसून म्हणाले.

"घडी तुमची आहे, अब्बा."

मी सांगितलं. सांगताना त्यांच्याकडं बघवलं नाही, म्हणून पाण्याच्या तांब्याकडं बघत सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी कागद बाजूला सरकवला. मग गोळी उचलून त्यांनी दिव्याकडं धरली.

"सल्फा आहे. डॉक्टरांनी लिहिली तीच दिली. पुडी चुकली नाही."

माझा श्वास सुटला. मी "अल्ला" म्हणणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. ती बाई बोलली होती."

"काय बोलली होती?"

"बाजाराचा दिवस होता. खिडकीपुढं ही गर्दी. ती म्हणाली, भाऊ, मागं एकदा कसल्या गोळीनं अंगावर चट्टे उठले होते, ही तसली नाही ना? मी म्हणालो, नाही मावशी, डॉक्टरांनी बघूनच दिली, पाणी भरपूर प्या." त्यांनी कागदाची घडी घालायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. "आत जाऊन विचारायला चार पावलं होती. माझा हात थांबला नाही, रेश्मा. मी ऐकलं आणि पुडी बांधली."

आतून अम्मीनं हाक मारली, भजी गार होतील. कोणी उठलं नाही.

चपला घालून मी कोपऱ्यावरच्या फोनच्या टपरीवर गेले आणि दौंडचा नंबर फिरवला. दोनदा चुकीचा लागला. डॉक्टरांना म्हणाले, सल्फाच आहे, आणि आधीही त्रास झाला होता. "कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "ज्यांनी दिली त्यांनी," मी म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचा प्रश्न ऐकायचं धैर्य नव्हतं.

गोळीचं नाव पोचलं होतं. पण फॉर्म अजून कोराच होता, आणि त्यात तो चौकोन होता: आधी असा त्रास झाल्याचं माहीत होतं का?

सकाळी मी आणि अब्बा शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरकाकांपुढं उभे राहिलो. ह्याच माणसानं मी दहावी झाल्यावर अब्बांना बजावलं होतं, पोरीचं शिक्षण थांबवलंस तर खिडकीत बसू देणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई वाचेल ना?"

"वाचेल म्हणतात, काका. डोळ्यांचं सांगता येत नाही."

"तिच्या उपचाराचं मी बघतो. पण कागद करू नकोस."

"काका, हा कागद शिक्षेसाठी नसतो. तुमचं नावही त्यात..."

"तुला माहीत आहे ते. मला माहीत आहे. ज्यांच्या हातात दगड असतात त्यांना माहीत आहे का?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "एक दवाखाना फुटायला अर्धा तास लागतो, रेश्मा. आणि मी आत असतो. दगड बाहेर खिडकीशी बसलेल्याला आधी लागतो. तो कोण आहे, आणि त्याचं नाव काय आहे, ह्याचा विचार कर."

नाव काय आहे. हे त्यांनी वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. अब्बांच्या काळजीनंच म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते सरळ काळजात शिरलं. आमच्या तीन पिढ्या घोडनदीच्या काठावर गेल्या. आमच्या दारात गणपतीची मिरवणूक थांबायची, अब्बा पाणी द्यायचे. तरीही त्या एका वाक्यानं मला समजलं, की आपल्या घराला अशी एक खिडकी आहे जी आपण कधी उघडून पाहिलेली नाही.

बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले, "कागदाचं नंतर बघू. उद्या मला तिच्याकडं ने."

'नंतर' हा शब्द मी त्या महिन्यात प्रत्येक दवाखान्यात ऐकला होता. नंतर या, नंतर भरू, नंतर बघू. कोऱ्या फॉर्मांचा तो गठ्ठा म्हणजे सगळा 'नंतर'च होता. त्या दुपारी मी दार लावून बसले आणि फॉर्म भरला. आद्याक्षरं, औषध, तारीख. त्या चौकोनापाशी आल्यावर पेन उचललं, पाणी प्यायला उठले, रोजा आठवला, परत बसले. लिहिलं: 'होय. रुग्णानं औषध देणाऱ्यास सांगितलं होतं. डॉक्टरांपर्यंत पोचलं नाही.' खाली माझं नाव, पूर्ण, आडनावासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा तयार होईपर्यंत "गाडीत जागा धरते" म्हणून मी पुढं गेले आणि पुण्याच्या नोंदणी केंद्राचा पत्ता घातलेलं पाकीट स्टँडबाहेरच्या लाल पेटीत टाकलं. टाकल्यावर हात आत घालून पाहिला. पोचत नव्हता.

नंतर काय झालं, ते इथंच सांगून टाकते. दगड आले नाहीत. हिराबाई वाचल्या. डोळे कायमचे कोरडे झाले, ऊन सोसेनासं झालं. मी त्यांना जाड कागदावर मोठ्या अक्षरांत गोळीचं नाव लिहून दिलं, खाली 'ही देऊ नका', आणि तो कागद संगीतानं प्लास्टिकमध्ये शिवून घेतला. पुण्याहून दोन ओळींची पोच आली. डॉक्टरकाका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. अब्बांना मात्र त्यांनी एका शब्दानं दुखावलं नाही, आणि अब्बा निवृत्त होईपर्यंत प्रत्येकाला "कोणती गोळी सोसत नाही का?" असं विचारत राहिले. रांग लांबायची, लोक कुरकुरायचे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तीच केस काढली. कळवणाऱ्याचा आणि औषध देणाऱ्याचा काही संबंध होता का, असं त्यांनी विचारलं. "वडील आहेत," मी म्हणाले. सरांनी पान उलटलं नाही, बराच वेळ.

आज मी जगभरातून आलेले असेच फॉर्म वाचण्याची नोकरी करते. 'माहीत होतं का' ह्या चौकोनात बहुतेक ठिकाणी 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलेलं असतं. मला ते खोटं वाटत नाही. त्यामागं मला एक खिडकी दिसते, गर्दी दिसते, आणि न थांबलेला एक हात.

पण तो दिवस अजून सांगायचा राहिला. पाकीट पेटीत पडलेलं आणि अब्बा माझ्या शेजारी खिडकीशी. त्यांनी ईदचा पांढरा सदरा घातला होता. दौंड येईपर्यंत ते एकदाही माझ्याकडं वळले नाहीत, आणि मला वाटत होतं, की त्यांना पाकिटाचं कळलंय. नव्हतं कळलं.

संगीताला ओळख सांगितली, पण खाटेपाशी ते बसले नाहीत. उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

"कोन हाय?" हिराबाईंनी विचारलं. डोळे अजून बंद होते. जीभ जड होती.

"शिरूरच्या दवाखान्यातलं कंपाउंडर आल्यात, आत्या," संगीता म्हणाली.

हिराबाईंनी चेहरा आवाजाच्या दिशेला वळवायचा प्रयत्न केला. "भाऊ, तुम्ही पानी पी म्हनला व्हता. लेकीच्या बाळंतपनात ध्यानच न्हाई ऱ्हायलं. माझीच चुकी झाली."

मी खाटेची दांडी धरली. एवढे दिवस त्या बाई असं समजून जळत होत्या, की आपण पाणी कमी प्यायलो.

"न्हाई, मावशी," अब्बा म्हणाले. "तुमची न्हाई. तुम्ही मला इचारलं व्हतं, ही तसली गोळी न्हाई ना म्हनून. मी डॉक्टरांना सांगायला पायजे व्हतं. मी न्हाई सांगितलं."

संगीताचा हात वारा घालता घालता थांबला. मला वाटलं आता ती ओरडेल, माणसं गोळा होतील. माझं लक्ष दाराकडं गेलं, जिना किती लांब आहे ते मी पाहिलं. ही गोष्ट मी माझ्याविषयी विसरत नाही.

हिराबाईच म्हणाल्या, "मंग तवा का न्हाई सांगितलं?"

"गर्दी व्हती."

"व्हय," त्या म्हणाल्या. "गर्दी व्हती खरी." आणि तोंड भिंतीकडं केलं. त्यांनी माफ केलं की नाही, हे अब्बांनी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत दिवस मावळला. न्हावऱ्याच्या पुढं कुठंतरी, पश्चिमेला लाली उतरताना, अब्बांनी घड्याळ पाहिलं. शेजारच्या सीटवरच्या फेटेवाल्या मामांनी न विचारता आपली पाण्याची बाटली पुढं केली. अब्बांनी आधी मला दिली, मग स्वतः दोन घोट घेतले. टोपी डोक्यावर नीट केली.

"तो कागद," ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "उद्या टाक पोस्टात."

माझ्या तोंडचं पाणी परत पळालं. खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. उद्या जाऊन नुसतं टाकल्यासारखं करता आलं असतं.

"सकाळीच टाकला, अब्बा. तुम्ही यायच्या आधी."

गाडी खड्ड्यात आदळली, सगळी माणसं एकदम उचलली गेली आणि परत बसली. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग शोधला, मिळाला नाही. भीती होती, माझ्याइतकीच, आणि ती लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"बरं केलंस," ते म्हणाले. "सकाळपर्यंत माझं मन फिरलं असतं."